कारल्याचा रस आणि सुटलेली गोळी

कडू पोटात गेले की रक्तातले गोड आपोआप उतरते, हा समज घराघरांत पक्का आहे. म्हणूनच सकाळी बागेच्या दारात कारल्याचा रस हातोहात खपतो, आणि आता त्याच्या कॅप्सूलही. कारल्यात चॅरॅन्टिनसारखी साखर उतरवू शकणारी द्रव्ये आहेत, हे खरे. पण २०१२ च्या कोक्रेन आढाव्यात ४ चाचण्यांतील ४७९ रुग्णांची माहिती तपासली गेली, तेव्हा साखरेच्या नियंत्रणात भरवशाचा फरक दिसला नाही.

भाजी खुशाल खावी (गूळ न घालता!). धोका आहे तो रसाच्या भरवशावर औषध सोडण्यात. टाइप-१ च्या रुग्णाने इन्सुलिन थांबवले, तर एक-दोन दिवसांतही जिवावर बेतू शकते. टाइप-२ मध्ये काही दुखत नाही, म्हणून नुकसान उशिरा कळते: डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, पायाची न भरणारी जखम.

उलटेही घडते. ग्लिमेपिराइडच्या जोडीला रोज पेलाभर रस घेतल्यास साखर फार उतरून घाम, थरथर, भोवळ येऊ शकते. गर्भवतींनी तो टाळावाच. इतरांनी घेत असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे, गोळ्या चालू ठेवाव्यात आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासून घ्यावे.