चलानाआधी मर्यादा तपासू

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा चलाने पाठवते आहे. त्यावर वाहतूकदारांच्या तक्रारी पुष्कळ आल्या. त्यांतली एक आपण रस्ते-अभियंत्यांनी आणि अंमलबजावणी अधिकाऱ्यांनी मनावर घ्यावी अशी आहे: बोरघाट उतरताना अवजड वाहनांना ताशी ४० किमीची मर्यादा पाळता येत नाही.

मर्यादेमागचे कारण खरे आहे. भरलेला ट्रक उतारावर वरच्या गिअरमध्ये सोडला, किंवा डिझेल वाचवायला न्यूट्रलला टाकला, की सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागत नाही. खालच्या गिअरमध्ये उतरणारी गाडीच हाताशी राहते. पण फलकावर नुसता आकडा असतो. हे कारण चालकाला सांगितले कोणी? ४० योग्य की थोडे अधिक, याचा निकाल भरलेली गाडी घाटातून उतरवून, चालकांना सोबत घेऊन लावावा. आकडा चुकला असेल तर बदलावा. बरोबर ठरला, तर मग कोणालाही सूट नको.

सपाट रस्त्यावर वादाला जागाच कमी. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांप्रमाणे थांबण्यासाठी लागणारे दृष्टिअंतर ताशी ८० किमीला १२० मीटर, तर १०० किमीला १८० मीटर आहे. वेग सव्वापट, अंतर दीडपट. वेगमर्यादा या जादा ६० मीटरांसाठी असते, हे आपणच विसरलो तर लोकांना ती वसुली वाटणारच.

आणि ती तशी वाटावी असे आपण वागतोही. स्पीडगन घेऊन उड्डाणपुलाचा उतार संपतो तिथे उभे राहिले, की चलाने भरपूर मिळतात. माणसे मात्र पुढच्या गावाच्या फाट्यावर मरतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ प्रमाणे कॅमेऱ्याआधी ठळक सूचनाफलक, उपकरणाला दरवर्षी नूतनीकरण केलेले मान्यता प्रमाणपत्र आणि १५ दिवसांत नोटीस बंधनकारक आहे. हा चालकाचा हक्क आहे, आपली मेहेरबानी नव्हे. कलम १८३ तर वेगात गाडी चालवायला लावणाऱ्या मालकालाही दोषी धरते. तरी दंड बहुतेकदा चालकाच्या पगारातूनच कापला जातो.

पुढच्या रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीत चलानांची आणि अपघातांची किलोमीटरवार यादी शेजारी शेजारी ठेवा. जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथला कॅमेरा हलवा.