शेवटच्या शंभर पावलांचे पाणी

नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने देशातील प्रमुख शहरांच्या नळाच्या पाण्याची तपासणी करून तिचे निष्कर्ष जाहीर केले. मुंबईतून घेतलेले दहाही नमुने कसोटीला उतरले आणि या महानगराला पहिले स्थान मिळाले. राजधानी दिल्ली यादीत शेवटी गेली. मुंबईकराने अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट होती. तथापि त्याच मुंबईत पावसाळ्याचे पहिले काही आठवडे सरले की उपनगरांतील दवाखान्यांत जुलाब, उलट्या आणि कावीळ यांचे रुग्ण वाढू लागतात आणि पाणी गाळून व उकळून पिण्याचे आवाहन खुद्द महापालिकेलाच करावे लागते. पाणी देशात अव्वल असेल तर ते उकळायचे कशासाठी, असा प्रश्न एखाद्या गृहिणीने विचारला तर त्याचे उत्तर द्यावेच लागेल.

उत्तर अवघड नाही. पाणी जेथून निघते तेथे ते शुद्ध असते. जेथे पोहोचते तेथे ते शुद्ध असेलच अशी शाश्वती नसते. नासाडी होते ती वाटेत, आणि तीही बहुतांशी वाटेच्या अगदी शेवटच्या टप्प्यात.

मुंबईच्या पाण्याची वाट लांबची आहे. १८६० साली विहार तलावातून या शहराला नळाचे पाणी मिळू लागले. पुढे तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा अशी भर पडत गेली. आज या सात जलाशयांतून दिवसाला सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी महानगराला पुरवले जाते. शहापूरच्या डोंगरांतून आणि नाशिक जिल्ह्याच्या सीमेवरून आलेले हे पाणी पश्चिम उपनगरांकडे वळण्यापूर्वी भांडुपच्या केंद्रात गाळ बसवून, वाळूच्या थरांतून गाळून आणि क्लोरीन मिसळून शुद्ध केले जाते. तेथून ते टेकड्यांवरील सेवा जलाशयांत आणि मग रस्त्याखालच्या जलवाहिन्यांत उतरते. येथवरच्या व्यवस्थेत अभियंत्यांच्या कित्येक पिढ्यांचे श्रम आहेत आणि त्याबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. पण रस्त्यातील जलवाहिनीपासून स्वयंपाकघरातील पेल्यापर्यंतची जी शेवटची शंभर पावले उरतात, त्यांचा वाली कोण, हा खरा प्रश्न आहे.

कांदिवली पश्चिमेचे चारकोप हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण ठरावे. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प हाती घेण्यात आला. म्हाडाने त्याअंतर्गत खाडीलगतच्या सखल जमिनीवर येथे वसाहत आखली. सरकारने आयते घर द्यायचे नाही. छोटा भूखंड, रस्ता, पाणी आणि मलवाहिनी द्यायची, आणि घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे उभारायचे, अशी ती कल्पना होती. भूखंडांचे लहान समूह करून मधल्या चौकाभोवती एकेक सहकारी संस्था स्थापन झाली. गिरणी, कारखाना, बँक आणि सरकारी कचेरी यांत राबणाऱ्या माणसांनी विटेवर वीट रचून ही वस्ती उभी केली. स्वप्रयत्न आणि सहकार यांच्या बळावर कष्टकरी व मध्यमवर्गीय कुटुंबे किती मोठी मजल मारू शकतात, याचे चारकोप हे जिवंत प्रमाणपत्र आहे.

या यशातच आजच्या अडचणीचे बीज आहे. बैठ्या घरांवर मजले चढले, एका कुटुंबाच्या जागी दोन-तीन कुटुंबे आली, तळमजल्यांवर दुकाने उघडली, शेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या. माणसे वाढली, पाण्याची गरज वाढली. जमिनीखालच्या जोडण्या मात्र पुष्कळ ठिकाणी जुन्याच राहिल्या. खाडीकाठच्या दमट, खारट मातीत लोखंडी नळी लवकर गंजते. अशी नळी गटारातून किंवा मलवाहिनीला खेटून गेली असेल, तर तिच्या एखाद्या बारीक छिद्रातूनही अनर्थ ओढवू शकतो.

तो कसा ओढवतो, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्यासारखे आहे. मुंबईत बहुतेक भागांत पाणी दिवसातून काही तासच येते. पाणी चालू असताना नळीत दाब असतो. छिद्रातून त्या वेळी शुद्ध पाणी बाहेर झिरपते, घाण आत येत नाही. पाणी बंद झाले की दाब ओसरतो आणि भोवतालचे घाण पाणी त्याच छिद्रातून आत शिरते. त्यातच कोणी थेट जलवाहिनीला पंप लावून पाणी ओढू लागला तर नळीत पोकळी निर्माण होऊन ही घाण अधिकच वेगाने आत खेचली जाते. दुसऱ्या दिवशी पाणी आले की पहिल्या झोताबरोबर ती टाकीत जाऊन पडते. थेट पंप लावणारा शेजाऱ्याचे पाणी तर पळवतोच. शिवाय साऱ्या गल्लीच्या पाण्यात विष कालवतो. बेकायदा पंप ही ‘थोडी सोय’ नव्हे, तो शेजारधर्माचा भंग आहे.

यानंतर येते टाकी. मानकानुसार नळाच्या पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो. वाटेत जंतूंचा शिरकाव झाला तर त्यांचा बंदोबस्त करणारा हा पहारेकरी. पण तळटाकीत बोटभर गाळ साचलेला असेल, झाकण तुटलेले असेल, पावसाचे आणि अंगणातले पाणी आत उतरत असेल, तर हा पहारेकरी तेथेच गारद होतो. गच्चीवरील टाकीचे झाकण वाऱ्याने उडाले की कबुतरांची विष्ठा आत पडते. महापालिकेचे प्रशस्तिपत्र रस्त्यावरच्या पाण्याला असते. घरातले पिणे मात्र या टाक्यांतले असते. संस्थेच्या आवारातील नळ्या आणि टाक्या यांची निगा ही संस्थेची जबाबदारी आहे, हे किती सभासदांना ठाऊक असते? वार्षिक सर्वसाधारण सभेत वाहनतळावरून दोन तास वाद होतात. टाकी शेवटची केव्हा धुतली, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

दुर्लक्षाची किंमत काय असते, हे पुण्याने अलीकडेच अनुभवले. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरात गुलियन बॅरे या मज्जासंस्थेच्या विकाराचे रुग्ण एकाएकी आढळू लागले. राज्यातील रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली, काहींना प्राणास मुकावे लागले. रुग्णांच्या तपासणीत दूषित पाण्यातून वा अन्नातून पसरणारे कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले. विशेष म्हणजे त्या परिसरात जारमधून ‘शुद्ध’ म्हणून विकले जाणारे पाणीही तपासणीत पिण्यास अयोग्य आढळले आणि तसे अनेक खासगी प्रकल्प महापालिकेला बंद करावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस, स्वच्छतेच्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षे अग्रक्रमावर राहिलेल्या इंदूर शहरात, भागीरथपुरा वस्तीतील पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळले आणि माणसे दगावली. झाडलेले रस्ते म्हणजे शुद्ध पाणी नव्हे, हा धडा त्या घटनेने दिला.

मध्यमवर्गाने या चिंतेवर आपल्यापुरता तोडगा काढला आहे: भिंतीवर यंत्र बसवायचे आणि निर्धास्त व्हायचे. जंतूंचे भय असेल तेथे अतिनील किरणांचे यंत्र किंवा पाणी उकळणे यांनी काम भागते. आरओ यंत्र असते ते मुख्यतः क्षारांनी जड झालेल्या पाण्यासाठी. मुंबईचे पाणी तलावांचे, मुळातच हलके. त्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या कितीतरी खाली असते. ही मर्यादा ओलांडली जात नाही तेथे आरओवर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये सुचवले होते. घरगुती आरओ यंत्र पेलाभर पाणी देताना त्याहून अधिक पाणी मोरीत सोडते. म्हणजे विकतच्या उपायाने रोगाचे मूळ तसेच राहते आणि शंभर किलोमीटरवरून आणलेले पाणी गटारात जाते.

त्याहून गंभीर गोष्ट निराळी आहे. ज्याच्या भिंतीवर यंत्र लागले त्याला टाकीच्या झाकणाची चिंता उरत नाही. पण त्याच टाकीचे पाणी इमारतीचा पहारेकरी पितो, धुणीभांडी करणारी बाई पिते, तिच्यासोबत आलेले तिचे मूल पिते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्राशन केले, ते पाण्यावर सर्वांचा समान अधिकार आहे हे ठसवण्यासाठी. एकाच छपराखाली कोणी यंत्राचे पाणी प्यावे आणि कोणी गाळाचे, ही विषमता जातीची नसेल, पण ती विषमताच आहे. समरसतेची भाषा बोलणाऱ्या समाजाने तिच्याकडे काणाडोळा करता कामा नये.

मग करायचे काय? महापालिकेचे कर्तव्य स्पष्ट आहे. सखल भागांतील गंजलेल्या जोडण्या टप्प्याटप्प्याने बदलणे, गटारातून गेलेल्या नळ्या वर उचलून घेणे, बेकायदा पंपांवर कारवाई करणे आणि गळती शोधण्याचे काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण करणे, ही कामे टाळता येणारी नाहीत. पालिका शहरभरातून पाण्याचे नमुने घेते आणि ते तपासते. हे निष्कर्ष वार्षिक अहवालाच्या पानांत दडून न राहता दर महिन्याला विभाग कार्यालयाच्या फलकावर लागावेत. कोणत्या गल्लीतला नमुना अयोग्य ठरला आणि त्यावर काय केले, हे आर दक्षिण विभागातील नागरिकाला सहज कळावे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर बराच काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. या काळात नागरिकाने प्रश्न विचारण्याची सवय क्षीण झाली असेल तर ती पुन्हा जोपासली पाहिजे.

दीर्घकालीन उपाय अर्थातच चोवीस तास दाबाखालील पाणी. मुंबईत मुलुंड आणि वांद्रे येथे त्या दिशेने प्रयोग झाला, पण शहरभर तो पोहोचला नाही. कराडलगतच्या मलकापूर या छोट्या गावाने मात्र घरोघरी मीटर बसवून अखंड पाण्याची योजना २००० च्या दशकाअखेर प्रत्यक्षात आणली. नळीत सतत दाब राहिला की घाण आत शिरत नाही, आणि नळ केव्हाही वाहतो म्हटल्यावर हंडे भरून ठेवण्याची व शिळे म्हणून ते ओतून देण्याची गरज उरत नाही. छोट्या गावाने मनावर घेतले ते देशाच्या आर्थिक राजधानीला अशक्य का असावे?

परंतु ते दिवस येईतो हातावर हात ठेवून बसणे परवडणारे नाही. गृहनिर्माण संस्थेने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळा सरल्यावर दोन्ही टाक्या रिकाम्या करून धुवाव्यात. तारीख फलकावर लिहावी. झाकण घट्ट आणि कुलूपबंद असावे, हवा खेळण्याच्या नळीला जाळी असावी. क्लोरीन आहे की नाही हे दाखवणारी थेंबांची चाचणी आणि जंतूंचा संसर्ग असल्यास चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळे करणारी बाटली ही साधने स्वस्त आहेत. शाळकरी मुलेही ती वापरू शकतात. पाण्याला वास आला, रंग बदलला किंवा एकाच चौकातील दोन-तीन घरांत पोट बिघडले, तर औषध घेऊन गप्प न बसता त्याच दिवशी विभाग कार्यालयाला लेखी कळवावे. एक दक्षता मात्र कटाक्षाने घ्यावी. मार्च २०२५ मध्ये नागपाडा येथे बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून मृत्युमुखी पडले. बंद टाकीत हवा खेळवल्याशिवाय, दोर आणि बाहेर देखरेख करणारा माणूस असल्याशिवाय कोणालाही आत उतरवू नये. आपल्या शुद्ध पाण्यासाठी दुसऱ्याचा जीव पणाला लावण्याचा अधिकार कोणालाच नाही.

हे काम कार्यकर्त्यांनी अंगावर घेण्याजोगे आहे. पूर आला, भूकंप झाला की सेवेसाठी धावून जाण्याची परंपरा या समाजात आहे आणि ती गौरवास्पदच आहे. पण आपत्ती येण्यापूर्वी केलेली सेवा कोणाच्या नजरेत भरत नाही, तिची छायाचित्रे छापून येत नाहीत. म्हणूनच ती कठीण असते. दोन-चार जाणत्या तरुणांनी एका रविवारी एका चौकातील टाक्या पाहाव्यात, फुटकी झाकणे आणि गटारातल्या नळ्या यांची यादी करावी, संस्थेच्या सचिवाला आणि पालिकेच्या अभियंत्याला ती द्यावी आणि महिन्याने पुन्हा जाऊन पाहावे. एवढ्यानेही एखाद्या घरातले मूल रुग्णालयाच्या खाटेवर जाण्यापासून वाचू शकेल.

तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील कित्येक पाड्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरण उशाशी आणि कोरड घशाशी अशी त्या मायभगिनींची अवस्था आहे. त्यांच्या अंगणावरून आलेले पाणी मुंबईच्या दारात शुद्ध पोहोचते आणि आपल्या दारच्या टाकीत नासते, याला केवळ प्रशासनाचे अपयश म्हणून हात झटकता येणार नाहीत. चारकोपच्या रहिवाशांनी एकमेकांच्या साहाय्याने घरे बांधली. टाकीचे झाकण बसवणे त्याहून अवघड नाही. पावसाळा कोणाची वाट पाहत नाही. त्याच्या आधी प्रत्येक संस्थेने आपल्या वाट्याची शंभर पावले चालून घ्यावीत.