'याला रत्नागिरीला पाठवा' हा विनोद लोटे एमआयडीसीतल्या कामगाराला महागात का पडतो?

कोकणात कुणी जरा वेगळं वागलं की घोळक्यातला एकजण हमखास बोलतो, "याला रत्नागिरीला पाठवा रे." इथं विषय हापूसचा नसतो. रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. म्हणजे ज्या सोयीसाठी इतर भागातले लोक तरसतात ती कोकणात सव्वाशेहून जास्त वर्षं आहे. आणि नेमकं तिचंच नाव शिवीसारखं वापरलं जातं.

आता लोटे परशुरामला या. मुंबई-गोवा महामार्गावर खेड आणि चिपळूणच्या मधे ही केमिकल झोनची एमआयडीसी. आजूबाजूला गावं, शेती, खाली वाशिष्ठी आणि पुढे दाभोळची खाडी. खाडीत मासे मेल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतायत. बाप खाडीत जाळं टाकणारा भोई आणि पोरगा त्याच एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला, अशी घरं इथं सापडतात. सांडपाण्यावर बोलायचं तर पोराच्या नोकरीची भीती, गप्प बसायचं तर खाडी गेली. हा ताण कुठल्या तपासणीत दिसणार?

त्यात २०२१ साल आठवा. मार्चमध्ये लोट्यातल्या एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार दगावले. चार महिन्यांनी, २२ जुलैला चिपळूण पुरात बुडालं. मदत आली, पंचनामे झाले. पण पुढच्या पावसात रात्री झोप लागत नाही, रिअॅक्टरजवळ गेलं की छाती धडधडते, याचा पंचनामा होत नाही.

बरं, कायद्याचं काय? धोकादायक कारखान्यांत कामगारांची वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे. कामामुळे होणाऱ्या आणि सरकारला कळवायलाच लागणाऱ्या आजारांची यादीही आहे. त्यात शिसं, पारा, मँगनीजची विषबाधा आहे. मानसिक आजार नाही. साहजिकच कंपनीचा डॉक्टर रक्त बघतो, फुप्फुसं बघतो, झोपेचं विचारेलच असं नाही. आणि विचारलं तरी ठेक्यावरचा माणूस खरं सांगेल का? 'अनफिट' शेरा लागला तर उद्या गेटपास मिळणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मात्र यापुढे जातो. कलम १८ सांगतं की उपचारासाठी रुग्णाला लांबचा प्रवास करायला लागू नये, सेवा राहत्या जागेजवळ हवी. लोट्याहून रत्नागिरी शंभर किलोमीटरच्या आसपास. महामार्गाची अवस्था कोकणवासीयांना नव्याने सांगायला नको. एका खेपेत दिवस जातो आणि ठेक्यावर दिवस गेला म्हणजे हजेरी गेली. गोळ्या मधेच बंद का होतात, याचं अर्धं उत्तर इथंच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नसल्याचं दिसलं होतं.

मग जवळ काय आहे? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ ला सुरू झाला. कल्पना अशी की जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचं पथक असावं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाही नैराश्य ओळखायला शिकवावं. कल्पना चांगलीच आहे. पण ओपीडी सकाळची आणि फर्स्ट शिफ्टही सकाळचीच. नाईट करून आलेला माणूस रांगेत उभा राहण्यापेक्षा झोपणं पसंत करतो.

म्हणून सध्या सगळ्यात उपयोगी आहे ती टेलिमानस, नंबर १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी हेल्पलाइन चालू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. नाईट शिफ्टच्या चहाच्या सुट्टीतही फोन करता येतो, घरच्यांनीही केला तरी चालतो, आणि स्टँडवर आपल्याला कुणी 'रत्नागिरीच्या गाडीत' चढताना बघत नाही. फोनवर सगळं बरं होत नाही, पुढे डॉक्टर लागतोच. पण पहिलं पाऊल तरी पडतं.

दरवर्षी ४ मार्चला सुरक्षा दिन येतो. कारखान्यांच्या गेटवर हेल्मेट, गॉगल, फायरच्या नंबरचे फलक लागतात. त्याखाली १४४१६ रंगवायला पेंटरला पाच मिनिटं लागतील.