बिनतारी विद्युत्भरण : आधी कोणासाठी?

विजेच्या वाहनास तारेवाचून वीज पुरविता येते, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटते. परंतु त्यामागील तत्त्व फॅरडेने १८३१ मध्येच दाखवून दिले होते. एका वेटोळ्यातील प्रवाह बदलत राहिला, म्हणजे जवळच्या दुसऱ्या वेटोळ्यात वीज प्रवर्तित होते. अडचण आहे ती अंतराची. जमिनीतील आणि वाहनाखालील वेटोळ्यांमध्ये काही इंच हवा असते, आणि घरातील वीज सेकंदास अवघी ५० आवर्तने करते. इतक्या संथ बदलाने ते अंतर ओलांडून पुरेशी वीज पोहोचत नाही. म्हणून शक्ति-परिवर्तक लागतो. तो प्रत्यावर्ती प्रवाह प्रथम एकदिश करतो आणि मग अतिजलद इलेक्ट्रॉनिक कळांनी त्याची आवर्तने कितीतरी पटींनी वाढवितो.

नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था व तिरुवनंतपुरमचे सी-डॅक यांनी असे देशी यंत्र सिद्ध केले असून, २०२५ मध्ये त्याचे तंत्र उद्योगाकडे सोपविण्यात आले. त्यातील सिलिकॉन कार्बाइडच्या कळा सेकंदास ८८,००० आवर्तने घडवितात. साडेबारा सेंटिमीटरांवरून दीड किलोवॉट शक्ती पोहोचते आणि कार्यक्षमता ८९.४ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे दर दहा युनिटांमागे सुमारे एक वाया जाते.

हे एक युनिट कोणासाठी खर्चावे, हाच खरा प्रश्न आहे. बंगळूरच्या व्हाइटफील्डचे उदाहरण घेऊ. तेथील उंच इमारतींच्या तळघरांत मोटारी रात्रभर उभ्या असतात. तार जोडावयास अर्धे मिनिट पुरे. तेवढे श्रम वाचविण्याकरिता वीज दवडणे शहाणपणाचे नव्हे. त्याच वस्तीत मार्च २०२३ मध्ये मेट्रो आली. स्थानकाबाहेर उतारूंची वाट पाहणारा रिक्षावाला रांगेबरोबर सारखा पुढे सरकतो. भर पावसात दर वेळी तार जोडणे-काढणे त्याला शक्य नाही. थांब्याखाली वेटोळी पुरली, तर वीस मिनिटांत अर्धे युनिट त्याच्या बॅटरीत जमा होईल. असे आठ थांबे म्हणजे चार युनिटे. नागपूरच्या यंत्रासाठी योजिलेल्या बॅटरीत ४.८ युनिटेच मावतात. भर दिवसा धंदा बुडवून गाडी उभी ठेवण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.

रिक्षा वेटोळ्यावर नेमकी उभी राहिली पाहिजे, हे खरे. पण त्यासाठी जमिनीवर रेघा आखता येतील. सार्वजनिक पैसा खर्चावयाचा असेल, तर तो आधी तळघरात नव्हे, रिक्षाथांब्यावर खर्चावा.