आधी घर जाळायचं, मग बंब दान करायचा?

परवा आमच्या आतेभावाचा फोन आला होता. गप्पांची गाडी क्रेग न्यूमार्कवर कशी गेली ते आठवत नाही, पण दादा एकदम उसळला. "अरे, या माणसानं आधी वर्तमानपत्रांचं घर जाळलं आणि आता बंब दान करतोय. पापक्षालन, दुसरं काय!"

वाक्य झकास आहे. नेहमीप्रमाणे मला उत्तर फोन ठेवल्यावर सुचलं, म्हणून हा खटाटोप. दादा, वाचतोयस ना?

न्यूमार्क मूळचा प्रोग्रामर. १९९५ साली सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कार्यक्रमांची माहिती तो मित्रांना ई-मेलनं पाठवायला लागला. त्यातून क्रेगलिस्ट उभी राहिली. २००० साली कंपनीची सूत्रं जिम बकमास्टरकडे देऊन हा गृहस्थ स्वतः वर्षानुवर्षं ग्राहकांच्या तक्रारी निस्तरत बसला. मी २००३ मध्ये सनीव्हेलला आलो तेव्हा पहिली खोली, टेबल, गादी सगळं तिथेच मिळालं. पुढे टेबल विकलंही तिथेच. जाहिरातीचा खर्च शून्य.

आता दादाचा आरोप. अमेरिकन वर्तमानपत्रांना २००० साली छोट्या जाहिरातींतून १९ अब्ज डॉलरहून जास्त मिळत. दहा वर्षांत ते सहा अब्जांच्याही खाली आले. रॉबर्ट सीमन्स आणि फेंग झू यांच्या अभ्यासानुसार २००० ते २००७ या काळात क्रेगलिस्टमुळे जाहिरात देणाऱ्यांचे सुमारे ५ अब्ज डॉलर वाचले. म्हणजे आग लागली होती, हे खरंच. पण घरात सुकं गवत कुणी भरलं होतं? बहुतेक गावांत वर्तमानपत्र एकच, त्यामुळे जुना सोफा विकायचा तरी ते मागतील तो दर. नफा भरपूर होता तेव्हा मालकांनी कर्जं काढून आणखी वर्तमानपत्रं विकत घेतली. इंटरनेट आल्यावर बातम्या आपणहून फुकट वाटल्या. आणि नोकऱ्यांच्या, गाड्यांच्या जाहिराती पळवणारे इतरही बरेच होते. सगळं खापर एका क्रेगच्या डोक्यावर फोडणं सोयीचं आहे, खरं नाही.

पण म्हणून मी त्याची आरतीही ओवाळणार नाही. तो म्हणतो, विश्वासार्ह पत्रकारिता ही लोकशाहीची रोगप्रतिकारशक्ती आहे. बोलून थांबला नाही, पैसेही दिले. २०१८ साली न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या पत्रकारिता विद्यालयाला २ कोटी डॉलर (विद्यालयाला आता त्याचंच नाव आहे), त्याच वर्षी 'द मार्कअप'ला २ कोटी, २०१९ मध्ये कोलंबियाला पत्रकारितेतल्या नीतिमत्ता आणि सुरक्षेच्या केंद्रासाठी १ कोटी. मान्य, कौतुकास्पद. पण 'मार्कअप'चं काय झालं बघा. एवढी रक्कम हाताशी असून सुरू होण्याआधीच, २०१९ मध्ये, मुख्य संपादकांना काढलं गेलं, बरेच पत्रकार राजीनामे देऊन बाहेर पडले, मग त्या संपादक परत आल्या. २०२४ मध्ये ती संस्था 'कॅलमॅटर्स'मध्ये विलीन झाली. त्यात दात्याचा दोष नव्हता. मुद्दा एवढाच, की दान बियाण्याला पुरतं, रोजच्या शिध्याला नाही. आणि उद्या एखाद्या दात्याच्याच कारभाराची बातमी करायची वेळ आली, तर ती कोण करणार?

आता खरी गोम. ते ५ अब्ज डॉलर गेले कुठे? न्यूमार्कच्या खिशात नाही गेले. क्रेगलिस्ट त्या काळात पैसे घ्यायची ते मुख्यतः काही शहरांतल्या नोकऱ्यांच्या जाहिराती, न्यूयॉर्कमधल्या दलालांची घरं अशा मोजक्या गोष्टींचे. ते ५ अब्ज राहिले लोकांच्या खिशात. म्हणजे माझ्याही. टेबलाच्या जाहिरातीचे पैसे मी वाचवले, आणि ज्या स्थानिक वर्तमानपत्राला ते मिळाले असते, त्याच्या बातम्याही कित्येक वर्षं फुकट वाचल्या. नगरपालिकेच्या बैठकीला रात्री अकरापर्यंत बसून टिपणं घेणाऱ्या वार्ताहराचा पगार कोण देतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

न्यूमार्कनं निदान काही परत केलं. आपण काय केलं?

मी गेल्या महिन्यात गावच्या वर्तमानपत्राची वर्गणी भरली. महिन्याला दोन कॉफींचे पैसे. यात थोरपणा काही नाही, वीस वर्षांची उधारी आहे ती.

तर दादा, तू वर्गणी कुठल्या वर्तमानपत्राची भरतोस? तेवढं सांग, मग पापक्षालनाचं बोलू!