यंत्र विकले, किल्ली ठेवून घेतली

लग्नसराई ऐन भरात असताना तालुक्याच्या गावातील एखाद्या डीजेवाल्याचा मिक्सर अचानक खरखरू लागतो. दोष अगदी सामान्य असतो. मिक्सरवरील फेडरच्या आत कार्बनचा एक पातळ पट्टा असतो आणि त्यावरून धातूची बारीक जीभ सरकत असते. वर्षभराची धूळ, मिरवणुकीतील गुलाल आणि बोटांचा घाम त्या पट्ट्यावर साचला की आवाज तुटतो. पट्टा साफ करणे किंवा फेडर बदलणे हे जाणत्या माणसाचे अर्ध्या तासाचे काम. परंतु कंपनीच्या अधिकृत केंद्राकडे विचारणा करावी, तर सुटा फेडर मिळत नाही, आतील संपूर्ण पॅनेलच बदलावे लागेल, यंत्र महानगरात पाठवावे लागेल आणि ते कधी परत येईल हे सांगता येत नाही, असे उत्तर मिळते. इकडे परवाच्या लग्नाची सुपारी घेतलेली असते. अखेर रात्री घरातील दिव्याखाली तो तरुण स्वतःच स्क्रू-ड्रायव्हर हाती घेतो. यंत्र उलटे करताच एका स्क्रूवर चिकटवलेला कागद त्याला बजावतो: उघडल्यास हमी रद्द.

या बोटभर कागदात आजच्या भांडवलशाहीचे मर्म सामावलेले आहे. यंत्राची पूर्ण किंमत या तरुणाने मोजली. त्यासाठी कर्ज काढले आणि हप्ते तोच फेडतो आहे. यंत्र चोरीला गेले, पावसात भिजले, जनरेटरच्या चढउताराने जळले, तर नुकसान त्याचेच. म्हणजे मालकीची सर्व ओझी त्याच्या डोक्यावर. मात्र मालकाचा जो पहिला अधिकार, स्वतःची वस्तू उघडून पाहण्याचा आणि नीट करण्याचा, तो विक्रेत्याने स्वतःकडे राखून ठेवला. घर विकावे आणि किल्ली खिशात ठेवून निघून जावे, असा हा व्यवहार आहे.

डीजेवाला म्हटले की सुशिक्षित मध्यमवर्गाच्या डोळ्यांसमोर कानठळ्या बसवणारा एक उपद्रवी इसम उभा राहतो. वस्तुतः तो बहुधा नोकरी न मिळालेला, शेतीत न भागणारा, कर्ज काढून पोटापाण्याचा उद्योग उभा करणारा स्वयंरोजगारी श्रमिक असतो. त्याच्यासोबत टेम्पोचा चालक, स्पीकरच्या पेट्या उचलणारी दोन-चार मुले आणि वायरी जोडणारा हरकाम्या अशी चार-सहा घरे जगतात. हंगाम मोजका: लग्नसराई, गणेशोत्सव, जयंत्या आणि जत्रा. हंगामात यंत्र आठ दिवस बंद पडले, तर वर्षाचे गणित कोलमडते. म्हणूनच दुरुस्तीचा प्रश्न हा हौशी माणसाच्या विरंगुळ्याचा प्रश्न नव्हे. तो मजुरीचा आणि भाकरीचा प्रश्न आहे.

गंमत अशी की ज्या कलेच्या नावावर या कंपन्या यंत्रे विकतात, त्या कलेचा जन्मच घरगुती दुरुस्तीतून झाला आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस जमेकाच्या किंग्स्टन शहरात, युद्धात ब्रिटिश हवाई दलात काम करून परतलेल्या हेडली जोन्स या रेडिओ-दुरुस्तीकाराने आपल्या हाताने शक्तिशाली अ‍ॅम्प्लिफायर बांधले, आणि त्यातून रस्त्यावरच्या नाचाचे पहिले मोठे ध्वनिसंच उभे राहिले. त्याच शहरात किंग टबी या नावाने विख्यात झालेला ओसबोर्न रडॉक हा रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर होता. मिक्सर आणि इतर यंत्रे आपल्या गरजेप्रमाणे जुळवून घेता घेता त्याने डब या संगीतप्रकाराला आकार दिला. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स या गरीब वस्तीत ग्रँडमास्टर फ्लॅश या नावाने पुढे गाजलेल्या कृष्णवर्णीय मुलाने भंगारातील स्टिरिओंचे भाग गोळा केले, आणि एक तबकडी वाजत असताना दुसरी हेडफोनवर आधी ऐकता यावी अशी जोडणी स्वतः डाख देऊन तयार केली. तो ज्या धंदेशिक्षणाच्या शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकला, तिला सॅम्युएल गॉम्पर्स या कामगार पुढाऱ्याचे नाव होते. डाख देणाऱ्या गरिबांच्या बोटांतून जी कला निर्माण झाली, तिचीच यंत्रे आज त्या बोटांना स्पर्शाची मनाई करतात. श्रमिकांचे कौशल्य आधी आत्मसात करावे, मग त्यावर मक्तेदारी बसवावी आणि तेच त्यांना चढ्या भावाने विकावे, ही भांडवलाची जुनी रीत येथेही इमानेइतबारे पाळली गेली आहे.

हे तंत्रज्ञानाच्या प्रगतीचे अटळ फळ आहे, असे सांगणारे पंडित पुष्कळ आहेत. त्यांना टेक्निक्स एसएल-१२०० या जपानी टर्नटेबलचे उदाहरण पुरेसे ठरावे. १९७२ साली निघालेल्या या यंत्राची १९७९ ची सुधारित आवृत्ती जगभरच्या डीजेंचे प्रमाण यंत्र बनली. त्या काळातील कित्येक नग आजही फिरत आहेत. याचे कारण केवळ भक्कम बांधणी नव्हे. दुरुस्ती-पुस्तिकेत सर्किटची संपूर्ण आकृती छापलेली होती, आणि स्क्रू काढले की आतले भाग डोळ्यांना दिसत व हाताला लागत. फेडर हा झिजणाराच भाग आहे हे ओळखून काही मिक्सरांमध्ये तो वरचे स्क्रू काढून वापरणाऱ्यालाच बदलता येईल, अशी सोय केलेली असे. म्हणजे दुरुस्त होणारे यंत्र बनवणे अशक्य नव्हते. भांडवलदारी व्यवस्थेतच ते बनत होते आणि विकलेही जात होते.

खुद्द महाराष्ट्रातही ही परंपरा होती. अनेक जुन्या रेडिओंच्या आत व्हॉल्व्हची मांडणी दाखवणारा कागद चिकटवलेला असे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर रेझिस्टरपासून ट्रान्झिस्टरपर्यंत सुटा माल मिळे, आजही मिळतो. गावोगावच्या रेडिओ-दुरुस्तीच्या टपऱ्या ही गरिबांची तंत्रविद्यालये होती. जळालेल्या अ‍ॅम्प्लिफायरचे आउटपुट ट्रान्झिस्टर बदलणे, स्पीकरची जळालेली कॉइल पुन्हा गुंडाळणे, फाटलेला कोन नवा बसवणे, ही कामे करणारे कुशल कारागीर आजही तालुक्यातालुक्यांत आहेत. त्यांच्याकडे बुद्धी आहे आणि हातही आहे. नाही ती सर्किटची आकृती आणि अस्सल सुटा भाग.

नव्या कंट्रोलरमध्ये फेडर थेट मुख्य बोर्डावर डाखलेला असतो. तेथपर्यंत पोहोचण्यासाठी वरच्या सर्व कळा उपटाव्या लागतात आणि डझनावारी स्क्रू काढावे लागतात. इतकेही एक वेळ चालले असते. सूक्ष्म भाग बोर्डाच्या पृष्ठभागावर यंत्रानेच बसवावे लागतात, त्याने यंत्र हलके आणि स्वस्त होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु आकृती दडवणे, आयसीचे क्रमांक खरवडून टाकणे, सुटा भाग न विकणे, ही कोणत्या विज्ञानाची गरज आहे? त्याहून मोठी लबाडी सॉफ्टवेअरची. संगणकाची कार्यप्रणाली बदलली आणि कंपनीने जुन्या कंट्रोलरसाठी नवे सॉफ्टवेअर देण्याचे नाकारले, की कळा, चक्र, तारा सर्व धडधाकट असूनही यंत्र निर्जीव होते. येथे झीज यंत्राची होत नाही. नफ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे त्याचे मरण ठरवले जाते. आणि मेलेल्या यंत्राचा कचरा पुन्हा कोणत्या तरी गरीब वस्तीतच, उघड्या हातांनी तांबे काढण्यासाठी जाऊन पडतो.

कंपन्यांचा मुख्य युक्तिवाद सुरक्षिततेचा असतो. अडाणी माणूस यंत्र उघडील आणि विजेचा धक्का बसून मरेल, असे सांगितले जाते. धोका खराच आहे. आधुनिक अ‍ॅम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यात २३० व्होल्टच्या प्रवाहातून सव्वातीनशे व्होल्टच्या आसपासचा दाब कपॅसिटरमध्ये साठतो, आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ तेथे राहू शकतो. परंतु या धोक्यावरचा उपाय अज्ञान कसा असेल? कपॅसिटर योग्य रेझिस्टरमधून रिकामा करावा, मीटरने दाब तपासावा, दुरुस्तीनंतर यंत्र प्रथम सिरीज बल्ब लावून चालू करावे, म्हणजे आत शॉर्ट असल्यास बल्ब प्रखर पेटेल आणि यंत्र वाचेल: ही साधी सूत्रे टपरीवरचा उस्ताद आपल्या शागिर्दाला पहिल्या महिन्यात शिकवतो. जो तरुण खरखरणाऱ्या फेडरवर कॉन्टॅक्ट क्लीनरऐवजी गंज काढण्याचे तेल फवारतो आणि त्यावर धूळ अधिकच चिकटून फेडर कायमचा गमावतो, त्याची चूक त्याच्या बुद्धीची नसते. माहिती दडवणाऱ्याची असते. आधी ज्ञान नाकारायचे आणि मग अज्ञानाकडे बोट दाखवून हक्कही नाकारायचा, हा न्याय या देशातील शूद्रातिशूद्रांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे आणि तो पुरोगामी वर्तुळातूनच येतो. या भिंतींनी म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची झोप उडवली, ती यंत्रे बिघडलेलीच बरी, असे म्हटले जाते. ध्वनिप्रदूषणाविरुद्धचा राग रास्त आहे. २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि तिची अंमलबजावणी कठोरपणे झालीच पाहिजे. परंतु आवाज वाढवण्याची फर्माने सोडणारा कोण असतो? वर्गणी गोळा करणारे मंडळ, मिरवणुकीचा खर्च उचलणारा स्थानिक पुढारी, आणि निवडणुकीच्या तोंडावर उदार झालेला उमेदवार. कारवाई होते तेव्हा मात्र जप्त होतो तो कर्जातला संच. आवाजाची मर्यादा हा नागरिकांचा हक्क आहे आणि दुरुस्ती हा श्रमिकाचा. एकाच्या नावाने दुसऱ्याचा बळी देण्याचे कारण नाही.

कायद्याची स्थिती पाहिली तर सरकारची अर्धवट वृत्ती उघडी पडते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी एक पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाईल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली गेली. ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याचा त्यात विचार झाला हे योग्यच. परंतु ज्यावर स्वयंरोजगारी माणूस पोट भरतो ती ध्वनियंत्रे, छायाचित्रणाची यंत्रे, छपाईची लहान यंत्रे यांचे काय? शिवाय पोर्टल म्हणजे माहितीची पाटी. पाटी लावल्याने कंपनीवर सक्ती होत नाही. वास्तविक कायद्यात आधार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी हेतूने वस्तू घेणाऱ्याला ग्राहकाच्या व्याख्येतून वगळले असले, तरी केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू वापरणाऱ्याला ग्राहकच मानले आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांना नाकारल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिले झाली. तथापि सुट्या भागांची कोंडी हा मक्तेदारीचा गैरवापर ठरू शकतो, हे त्यातून पुढे आले. भांडवलशाहीची पंढरी असलेल्या अमेरिकेतसुद्धा १९७५ च्या एका कायद्याने, कंपनीचाच भाग व कंपनीचीच सेवा घ्या नाही तर हमी रद्द, अशी अट घालण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. मग भारतातील श्रमिकाने त्या बोटभर कागदापुढे मान का तुकवावी?

डॉ. राममनोहर लोहिया यांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तो याच विचाराने. विजेवर चालणारे, घरात किंवा छोट्या कार्यशाळेत मावणारे, थोड्या भांडवलात मिळणारे यंत्र कष्टकऱ्याच्या हाती आले, तर तो मोठ्या भांडवलाचा गुलाम राहणार नाही, अशी त्यामागची दृष्टी होती. डीजेचा संच हे आकाराने असेच लहान यंत्र आहे. परंतु यंत्र लहान होऊन भागत नाही. त्याची आकृती, त्याचे सुटे भाग आणि त्याचे सॉफ्टवेअर दूरच्या कंपनीच्या तिजोरीत राहिले, तर मालक म्हणवणारा माणूस प्रत्यक्षात त्या कंपनीचा कूळ ठरतो. कसेल त्याची जमीन ही घोषणा ज्या भूमीने ऐकली, तेथे वापरील त्याचे यंत्र ही मागणी परकी वाटण्याचे कारण नाही.

मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक यंत्रासोबत सर्किटची आकृती व दुरुस्ती-पुस्तिका मराठीसह भारतीय भाषांत मिळाली पाहिजे. विक्री थांबल्यानंतरही ठरावीक वर्षे सुटे भाग वाजवी भावाने कोणत्याही कारागिराला मिळाले पाहिजेत. कंपनीने सॉफ्टवेअरचा आधार काढून घेतला, तर त्याचे कुलूप सर्वांसाठी खुले झाले पाहिजे. दुरुस्तीच्या राष्ट्रीय चौकटीत उपजीविकेची सर्व यंत्रे आली पाहिजेत, आणि ती चौकट कायद्याने बंधनकारक झाली पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात ध्वनियंत्रांच्या दुरुस्तीला भरीव स्थान हवे, आणि तालुक्यातालुक्यांत कारागिरांच्या सहकारी कार्यशाळा उभ्या राहण्यासाठी सरकारने भांडवल दिले पाहिजे.

परंतु केवळ अर्जविनंत्यांनी हे मिळणार नाही. आज डीजेवाला एकटा आहे, दुरुस्तीकार एकटा आहे, आणि ट्रॅक्टरची किल्ली हरवलेला शेतकरीही एकटाच आहे. कंपनी मात्र जगभर एक आहे. या तिघांनी एका मागणीखाली एकत्र यावे, हे काम समाजवादी कार्यकर्त्यांनी हाती घेण्याजोगे आहे. रात्रीच्या दिव्याखाली एकट्याने आणि चोरून जो स्क्रू काढावा लागतो, तो भर दिवसा, हक्काने आणि सर्वांच्या देखत काढता आला पाहिजे.