गृहव्यवस्था : माळ्यावरची माती

मार्गशीर्ष उजाडून पावसाची ओल पुरती सुकली, म्हणजे जुन्या घरांतून माळा झाडण्याची भाषा सुरू होते. दिवाळीची साफसफाई बहुधा शिडीपाशींच येऊन थांबलेली असते. आज आम्हांस केवळ अडगळीविषयीं लिहावयाचें नाहीं. ती अडगळ ज्या मातीवर बसली आहे, त्या मातीविषयीं लिहावयाचें आहे.

कडीपाटाच्या घरांत तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर दोनचार इंच मातीचा थर, अशी रचना पुष्कळ ठिकाणीं आढळते. ही माती उगाच घातलेली नसे. कौलें तापून वर भट्टी झाली तरी ती धग खालच्या खोलींत लवकर उतरत नसे. वर कांहीं पेटलें तरी फळ्यांपर्यंत आंच पोहोंचण्यास वेळ लागे. म्हणून जुनें तें सारें टाकाऊ, या हुरुपानें ती सरसकट काढणें आम्हांस पसंत नाहीं. थर कोरडा व घट्ट असेल आणि कड्या सरळ असतील, तर तो राहूं द्यावा. परंतु जेथें वर्षानुवर्षें गळलें आहे, उंदरांनीं बिळें केलीं आहेत, वाळवीच्या मातकट नळ्या तुळईपर्यंत गेल्या आहेत, किंवा खालून पाहतां एखादी कडी झुकलेली दिसते, तेथें माती काढलीच पाहिजे. तिच्या वजनाची कल्पना पुष्कळांस नसते. १० फूट लांब व १० फूट रुंद खोलीवर ३ इंचांचा थर म्हणजे २५ घनफूट माती; कोरडी धरली तरी हें ओझें सुमारें १ टन भरतें, आणि भिजली म्हणजे त्याहून अधिक. त्याच ओझ्याखालीं आजोबांची खाट असते, नाहीं तर मुलें अभ्यासास बसतात.

आधीं अर्थातच सामान उतरवावें लागेल. त्यांत रुमालांत बांधलेलीं दफ्तरें वा पोथ्या निघाल्या, तर त्या रद्दींत घालण्याची घाई करूं नये. कै. वि. का. राजवाडे यांनीं असेच घरोघरचे कागद धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचे २२ खंड काढले. पहिला १८९८ सालीं निघाला. घरांत कोणास मोडी वाचतां येत नसेल, तर पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहेच. असे कागद कडक उन्हांत टाकूं नयेत. सावलींत वाऱ्यावर ठेवून मऊ कुंचल्यानें झाडावेत.

माती काढण्यापूर्वीं झुकलेल्या कडीस जाणत्या सुताराकडून टेकू द्यावा व खालची खोली रिकामी करावी. माती एका कोपऱ्यांत ढीग करून ठेवूं नये. तेवढ्या भारानें कडी मोडते. कड्यांवर आडवी फळी टाकून तिच्यावर उभें राहावें आणि घमेल्याघमेल्यानें, सर्व बाजूंनीं सारखी, ती खालीं उतरवावी.

सर्वांत घातक धूळ. तिच्यांत उंदरांच्या लेंड्या, कबुतरांची वाळलेली विष्ठा व पिसें असतात. कबुतरांची ही धूळ वरचेवर श्वासांत गेली, तर कित्येकांच्या फुप्फुसांस सूज येऊन दम कायमचा कमी होतो. उंदराच्या मुतानें लेप्टो तापाचे जंतू ओल्या जागीं पसरतात व हातावरच्या लहानशा खरचटीतूनही शरीरांत शिरतात. तेव्हां कोरडी केरसुणी मुळींच फिरवूं नये. पाणी हलकें शिंपडून मग माती उचलावी; फार ओतल्यास लांकूड भिजतें. तोंडाला पदर किंवा रुमाल बांधून भागत नाहीं. एन-९५ मुखपट्टी व रबरी हातमोजे हवेत, आणि ते मजुरासही द्यावेत. रोजानें आणलेल्या माणसाचीं फुप्फुसें कांहीं निराळ्या धातूचीं नसतात.

कौलें काढून आस्बेस्टॉसचे पत्रे घातलेलीं घरेंही थोडीं नाहींत. असा पत्रा घासूं नये, फोडूं नये, त्यास भोकें पाडूं नयेत. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसांत अडकतात आणि रोग दिसावयास वीसतीस वर्षें लागतात. ज्यांचीं मुलें अमेरिकेंत जुन्या घरांत राहतात, त्यांनीं हें त्यांसही कळवावें. तिकडे माळ्यावर ऊबेसाठीं व्हर्मिक्युलाइटचे चकचकीत, करड्या-तपकिरी खडे पसरलेले असतात. त्यांतील पुष्कळसा माल माँटाना प्रांतांतील लिबी येथील खाणींतला असून त्यांत आस्बेस्टॉस मिसळलेलें होतें. ती खाण १९९० सालीं बंद पडली, पण घरांतला माल घरांतच राहिला. तो न हलवितां, काढावयाचाच झाल्यास त्या कामांत तयार झालेल्या माणसांकडूनच काढवावा, असें तेथील सरकारी खातें सांगतें.

माती गेल्यावर खालची खोली अधिक तापणार, हें गृहीत धरावें. थर्माकोल स्वस्त म्हणून पसरूं नये. तो भडकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. काचेची लोकर चालेल, परंतु ती उघडी राहिल्यास अंगास खाजते व तिच्यांतही उंदीर घर करतात. आमच्या मतें कड्या दुरुस्त झाल्यावर चाळलेली, वाळलेली माती इंचभर घालावी आणि दोन्ही बाजूंच्या झरोक्यांतून वारा खेळूं द्यावा. झरोक्यांस पाव इंचाहून बारीक जाळी लावावी; त्याहून मोठ्या भोकांतून उंदराचें पिल्लूं आंत येतें.

परत काय चढवावयाचें, हें एकत्र कुटुंबांत सर्वांनीं बसून ठरवावें. तीन भावांच्या तीन मोडक्या खुर्च्या आणि कोणाचेंच नसलेलें एक पिंप, यांनींच निम्मा माळा भरतो. चार कौलांच्या जागीं काचेचीं कौलें बसवावीं, म्हणजे वर चढलेल्यास गळती व वाळवी दिसेल. आणि आषाढांत एकदां कोणीतरी फळ्यांवरून हात फिरवून ओल पाहावी.